न आलेली तार

आमचे ड्रिलमास्तर पावसाच्या दिवशी गोष्टी सांगत. मैदानात चिखल, कवायत रद्द, चाळीस-पन्नास पोरे एका वर्गात कोंबलेली. मग मास्तर टेबलाच्या कडेला टेकत आणि हमखास बर्लिनची गोष्ट काढीत. प्रचंड क्रीडांगण, लाखभर माणसे, वर सज्जात हिटलर, आणि खाली एक काळा पोरगा एकामागून एक शर्यती मारतो आहे. शेवटी त्या पोराचा हात हातात घ्यावा लागू नये म्हणून हिटलर तरातरा उठून निघून जातो! इथे आम्ही बाके बडवायचो. ही गोष्ट तुम्हीही कुठे ना कुठे ऐकली असेल. वंशाचा गर्व मिरवणाऱ्या हुकूमशहाचे नाक एका शेतकऱ्याच्या मुलाने दहा सेकंदांत कापले, याहून सुखाची गोष्ट दुसरी कोणती?

पुढे थोडे वाचन झाले तेव्हा कळले, की मास्तरांच्या गोष्टीतला शेवट काही तसा घडलेला नव्हता. आणि गंमत अशी, की ज्याची ही गोष्ट, त्या जेसी ओवेन्सनेच ती त्याच वर्षी खोडून काढली होती. ऑक्टोबर १९३६ मध्ये कॅन्सस सिटी इथे एका सभेत त्याने स्वच्छ सांगितले, की आपल्याला झिडकारले ते हिटलरने नव्हे, आपल्याच देशाच्या राष्ट्राध्यक्षांनी. त्यांनी साधी अभिनंदनाची तारसुद्धा पाठवली नाही. एवढे होऊनही जगाने हिटलरचीच गोष्ट लक्षात ठेवली आणि तार विसरून गेले. वाचकहो, आज आपण या न आलेल्या तारेची हकीकत पाहू.

ओवेन्सचा जन्म १२ सप्टेंबर १९१३ चा, अमेरिकेच्या दक्षिणेतल्या अलाबामा राज्यात, ओकव्हिल नावाच्या खेड्यातला. आजोबा गुलामीत जन्मलेले. वडील हेन्री ओवेन्स बटाईने शेत करीत. म्हणजे जमीन गोऱ्या मालकाची, राबणूक यांची, आणि पीक आले की हिशेबाची वहीही मालकाच्याच हातात. दहा भावंडांत हा शेंडेफळ, छातीने अशक्त, हिवाळा आला की अंथरूण धरणारा. पीक कापसाचे. वऱ्हाड-खानदेशातल्या वाचकांना वेचणीचे दिवस काय असतात ते मी सांगायला नको. पोराच्या हाताला बोंड लागू लागले की पोर वेचणीला गेलेच. शाळा मिळे ती हंगाम नसेल तेव्हा.

त्या काळी दक्षिणेतली लाखो कृष्णवर्णीय कुटुंबे उत्तरेकडच्या गिरणी-कारखान्यांच्या शहरांकडे निघाली होती. मुलगा नऊ वर्षांचा असताना ओवेन्स कुटुंबही गाडीत बसले आणि ओहायो राज्यातल्या क्लीव्हलंड शहरी जाऊन राहिले. नव्या शाळेत बाईंनी नाव विचारले. पोराने आपल्या दक्षिणी हेलात ‘जे. सी.’ असे सांगितले. जेम्स क्लीव्हलंड या नावाची ती आद्याक्षरे. बाईंना ऐकू आले ‘जेसी’. पोराला बाईंची चूक दाखवण्याचे धैर्य झाले नाही, आणि जन्मभर तो जेसीच राहिला. पुढच्या आयुष्यातही वाद घालण्यापेक्षा पडते घ्यावे, हा त्याचा स्वभाव आपल्याला वारंवार दिसेल.

क्लीव्हलंडला त्याला एक चांगला माणूस भेटला. चार्ल्स रायली नावाचे गोरे व्यायामशिक्षक. शाळा सुटल्यावर जेसीला कामावर जावे लागे, म्हणून रायली त्याला पहाटे शाळेच्या आधी पळवीत. जमीन तापलेली असावी आणि पाय त्यावर टेकू नयेत, असे पळ, हे त्यांचे शिकवणे. ओवेन्सच्या धावण्याची चित्रफीत पाहिलेल्यांना याचा अर्थ कळेल. छाती पुढे काढणे नाही, दात-ओठ खाणे नाही. वरचे अंग शांत आणि खाली पाय भिंगरीसारखे. १९३३ मध्ये, अजून हायस्कुलात असतानाच, त्याने शंभर यार्डांचे अंतर ९.४ सेकंदांत तोडून त्या वेळच्या जागतिक विक्रमाशी बरोबरी केली.

मग ओहायो स्टेट विद्यापीठ. आता असा खेळाडू आला म्हटल्यावर शिष्यवृत्ती, वसतिगृह, सगळे हात जोडून उभे असेल, असे तुम्हांला वाटेल. तसे काही नव्हते. शिष्यवृत्ती नाही. विद्यापीठाच्या आवारात राहायला जागा नाही. इतर कृष्णवर्णीय मुलांबरोबर बाहेर खोली घेऊन राहायचे आणि हाताने शिजवून खायचे. पोटासाठी त्याने पेट्रोल भरण्याचे काम केले, ग्रंथालयात काम केले, आणि राज्याच्या विधिमंडळाच्या इमारतीत रात्री लिफ्ट चालवली. तीही मागच्या बाजूची, सामान वर-खाली नेणारी लिफ्ट. माणसांच्या लिफ्टवर गोरा पोरगा असे. ही लिफ्ट जरा लक्षात ठेवा, पुढे तिची पुन्हा गाठ पडणार आहे.

संघ परगावी गेला की गोरी मुले खाणावळीत बसून जेवत. काळी मुले मोटारीत थांबत, कोणीतरी त्यांच्यासाठी पुड्यात बांधून काही आणी. मुक्काम निराळ्या हॉटेलात. ध्यानात घ्या, ही दक्षिण नव्हे. दक्षिणेत काळ्या-गोऱ्यांचे डबे, शाळा, पाण्याचे नळ कायद्यानेच वेगळे केलेले होते. ओहायोत उलट, सार्वजनिक ठिकाणी असा भेद करू नये असा कायदा १८८४ पासून होता. कायदा पुस्तकात होता आणि खाणावळीचा मालक गल्ल्यावर होता.

अशा दिवसांत २५ मे १९३५ उजाडला. मिशिगन राज्यात ॲन आर्बर इथे विद्यापीठांच्या शर्यती होत्या. ओवेन्स काही दिवसांपूर्वीच जिन्यावरून पडलेला, पाठ इतकी धरलेली की वाकता येईना. स्नायडर हे त्याचे प्रशिक्षक त्याला उतरवायला तयार नव्हते. एक शर्यत पळून पाहतो, मग ठरवू, असे म्हणून हा उतरला. सव्वातीनला शंभर यार्ड: ९.४ सेकंद, विक्रमाशी बरोबरी. तीन पंचविसाला लांब उडी. जपानच्या चुहेई नांबूचा जागतिक विक्रम जिथे पडत होता तिथे त्याने वाळूच्या कडेला एक रुमाल ठेवायला सांगितला आणि एकच उडी घेतली. रुमालाच्या पुढे जवळजवळ सहा इंच! २६ फूट सव्वाआठ इंच, म्हणजे ८.१३ मीटर. तीन चौतिसाला २२० यार्ड: २०.३ सेकंद, नवा विक्रम. चार वाजता २२० यार्ड अडथळ्यांची शर्यत: २२.६ सेकंद, आणखी एक विक्रम.

पाऊण तास झाला, बरं का. आपण दुपारचा चहा करतो, पितो, कपबशा विसळून ठेवतो, तेवढा वेळ. तेवढ्यात एका एकवीस वर्षांच्या मुलाने तीन जागतिक विक्रम मोडले आणि चौथ्याशी बरोबरी केली. लांब उडीचा तो आकडा पुढे पंचवीस वर्षे कोणाला ओलांडता आला नाही. १९६० मध्ये राल्फ बॉस्टनने तो ओलांडला. माझे स्वतःचे मत विचाराल, तर बर्लिनपेक्षा ही दुपार मोठी. पण तिथे हिटलर नव्हता, त्यामुळे तिची गोष्ट कोणी सांगत नाही.

बर्लिनला जावे की जाऊ नये, यावर त्या वर्षी अमेरिकेत मोठे रण माजले होते. जर्मनीत नाझींनी ज्यू लोकांचे नागरिकत्व काढून घेतले होते. अशांच्या घरी पाहुणे म्हणून जायचे कसे, असा सवाल होता. त्यावर कृष्णवर्णीयांच्या वर्तमानपत्रांत दोन तट पडले. काहींनी बहिष्काराची बाजू घेतली. काहींनी विचारले, बर्लिनला नैतिकता शिकवायला निघालेले हे सद्गृहस्थ अलाबामाकडे कधी पाहणार? तिकडे माणसाला झाडाला टांगून मारतात, आणि ते थांबवणारे विधेयक दक्षिणेतले सिनेटर उभेही राहू देत नाहीत! ओवेन्सने आधी म्हटले होते, की जर्मनीत अल्पसंख्यांवर अन्याय होत असेल तर अमेरिकेने जाऊ नये. मग प्रशिक्षकांनी कान उपटले आणि तो गप्प बसला. डिसेंबर १९३५ मध्ये थोड्याशा मतांनी जाण्याचा निर्णय झाला. अमेरिकेच्या चमूत अठरा कृष्णवर्णीय खेळाडू होते, त्यांत दोन मुली. त्या अठरांनी मिळून चौदा पदके आणली.

आता बर्लिन. २ ऑगस्ट १९३६, मैदानी शर्यतींचा पहिला दिवस. हिटलरने त्या दिवशी जिंकलेल्या जर्मन आणि फिनलंडच्या खेळाडूंना आपल्या सज्जात बोलावून हस्तांदोलन केले. संध्याकाळी उंच उडी अमेरिकेच्या कॉर्नेलियस जॉन्सनने जिंकली, तोही कृष्णवर्णीय. त्याचा सत्कार होण्यापूर्वी हिटलर निघून गेला होता. तेव्हा मास्तरांच्या गोष्टीला जो काही आधार आहे, तो ओवेन्सचा नव्हे, जॉन्सनचा आहे. त्यानंतर ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष बाये-लातूर यांनी निरोप धाडला, की अभिनंदन करायचे तर सगळ्यांचे करा, नाहीतर कोणाचेच नको. हिटलरने दुसरा मार्ग पत्करला. त्यामुळे ३ तारखेला ओवेन्सने शंभर मीटरची शर्यत जिंकली तेव्हा हस्तांदोलनाचा प्रश्नच उरला नव्हता. उलट, हिटलरने सज्जातून हात हलवला आणि मीही हलवला, असे ओवेन्स सांगे.

यावरून हिटलर बरा होता असे मात्र कोणी समजू नये. परदेशी पाहुणे येणार म्हणून बर्लिनच्या रस्त्यांवरच्या ज्यूद्वेषाच्या पाट्या तेवढ्या दिवसांपुरत्या काढल्या होत्या. त्याच जुलैत शहरातल्या रोमा आणि सिंती लोकांना हुसकून मार्त्सानच्या छावणीत नेऊन टाकले होते.

पण त्या पंधरवड्यात ओवेन्सला प्रत्यक्ष काय अनुभव आला? क्रीडाग्रामात तो गोऱ्या खेळाडूंच्याच इमारतीत राहिला, त्यांच्याच पंक्तीला जेवला. बर्लिनच्या रस्त्यावर सही घेणाऱ्यांनी त्याला घेरले. क्रीडांगणात जर्मन प्रेक्षक त्याच्या नावाचा गजर करीत. अमेरिकेत त्याला हे कधी लाभले नव्हते.

त्या काळी सुटायला आजच्यासारखे ठोकळे नव्हते, बरं का. राखाडी कोळशाच्या खरीची धावपट्टी. प्रत्येकाला एक छोटे खुरपे मिळे, त्याने आपापल्या पायापुरते खड्डे खणून घ्यायचे. तिथून सुटून शंभर मीटर १०.३ सेकंदांत, दुसरा आला त्याचाच देशबंधू राल्फ मेटकाफ. दुसऱ्या दिवशी लांब उडी, ८.०६ मीटर. तिसऱ्या दिवशी दोनशे मीटर, २०.७ सेकंद. ९ ऑगस्टला चौघांची शंभर-शंभर मीटरची रिले, ३९.८ सेकंद, नवा जागतिक विक्रम.

लांब उडीत दुसरा आलेला जर्मन लुत्स लाँग. भर मैदानात, हिटलरच्या डोळ्यांदेखत, त्याने ओवेन्सच्या हातात हात घातला, दोघे बरोबर फिरले, छायाचित्रे निघाली. पात्रता फेरीत आपल्या दोन उड्या चुकल्या तेव्हा लाँगनेच येऊन सल्ला दिला, असे ओवेन्स पुढे व्याख्यानांत रंगवून सांगे. पण आम्ही स्पर्धा संपल्यावर भेटलो, असे त्यानेच नंतर एका अभ्यासकाला कबूल केले. सल्ल्याची गोष्ट सोडून देऊ. गळ्यातला हात खरा आहे, आणि तेवढा पुरे. लाँग १९४३ मध्ये सिसिलीच्या लढाईत मारला गेला.

रिलेचे पदक मात्र निर्मळ नाही. त्या चौघांत मार्टी ग्लिकमन आणि सॅम स्टोलर हे दोघे ज्यू धावपटू ठरलेले होते. शर्यतीच्या दिवशी सकाळी त्यांना काढून ओवेन्स आणि मेटकाफ यांना घेतले. माझी तीन पदके झाली, मी दमलो आहे, या पोरांना पळू द्या, असे ओवेन्सने म्हणून पाहिले. सांगितले तेवढे कर, असे त्याला उत्तर मिळाले. अमेरिकन पुरुषांच्या मैदानी संघात पळायला न मिळालेले ते दोघेच. हा निर्णय हिटलरने घेतला नव्हता. अमेरिकन प्रशिक्षकांनी घेतला होता.

मला वाटते, मास्तरांची गोष्ट जगाला इतकी का आवडली ते इथे समजते. त्या गोष्टीत पाप दूर बर्लिनमध्ये असते. न्यूयॉर्कच्या माणसाने टाळी वाजवावी आणि निर्धास्त झोपावे. आणि आपण तरी? आपल्याला अमेरिकेची गोष्ट ऐकायला बरी वाटते ती कशामुळे? बाळू पालवणकर नावाचा डावखुरा गोलंदाज पुण्याच्या मैदानावर सगळ्यांना गुंडाळीत असे, आणि चहाच्या वेळी संघातले लोक आत पेल्यांतून चहा घेत. चांभार म्हणून बाळूला मात्र बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. १९११ मध्ये इंग्लंडच्या दौऱ्यात त्याने शंभरावर बळी घेतले, तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्याला मिळाले नाही. १९२३ मध्ये ते त्याच्या भावाला, विठ्ठलला मिळाले, तेही भांडण होऊन. असो. मूळ हकीकतीकडे येतो.

त्याच बर्लिनमध्ये आपलीही माणसे होती. ध्यानचंदच्या हॉकी संघाने १५ ऑगस्टला जर्मनीवर आठ-एक असा विजय मिळवला. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक तिथे गेले होते, त्यांनी कबड्डी आणि इतर देशी खेळ करून दाखवले.

ओवेन्सची चार पदके होताच अमेरिकेच्या क्रीडासंघटनेने खेळाडूंना युरोपभर फिरवायला सुरुवात केली. आज या गावी, उद्या त्या गावी, तिकिटांचे पैसे संघटनेला आणि पोरांच्या खिशात जवळजवळ काही नाही. ओवेन्सचे वजन उतरले. इकडे अमेरिकेतून तारा येत होत्या. हो, तारा आल्या नाहीत असे नव्हे! नाटक-सिनेमावाल्यांच्या, ठेकेदारांच्या, हजारो डॉलरांचे आकडे घातलेल्या. पुढे स्वीडनला चला म्हटल्यावर त्याने नकार दिला आणि घरची बोट धरली. संघटनेने त्याला हौशी खेळातून काढून टाकले. वय बावीस. जगातला सर्वांत वेगवान माणूस. आणि पुन्हा कधीही तो अधिकृत शर्यतीत उतरला नाही. तारांमधली आमिषे बहुतेक पोकळ निघाली.

न्यूयॉर्कमध्ये त्याची मिरवणूक निघाली. उंच उंच खिडक्यांतून कागदांचा पाऊस पडला. मग वॉल्डॉर्फ-अस्टोरिया या बड्या हॉटेलात सत्कार. ज्याचा सत्कार, त्याला पुढच्या दाराची लिफ्ट मिळाली नाही. सामानाच्या लिफ्टने वर या, असे सांगण्यात आले. विद्यार्थिदशेत तो जसली लिफ्ट चालवीत होता, तसल्याच लिफ्टने, चार सुवर्णपदके मिळवून, तो स्वतःच्या मेजवानीला गेला.

आणि वॉशिंग्टनहून तार आली नाही. फ्रँकलिन रूझवेल्ट काही दुष्ट माणूस नव्हे. मंदीत बुडालेल्या देशाला त्याने हात दिला, आणि त्यातले काही कृष्णवर्णीयांपर्यंतही पोचले. पण १९३६ हे निवडणुकीचे वर्ष होते, आणि त्याच्या पक्षाचा पाया दक्षिणेतल्या गोऱ्या मतांवर उभा होता. दक्षिणेतल्या कित्येक वर्तमानपत्रांनी तर ओवेन्सचे छायाचित्रसुद्धा छापले नव्हते. अशा वेळी अलाबामाच्या काळ्या मुलाशी राष्ट्राध्यक्ष हस्तांदोलन करताहेत असे चित्र कोणाला परवडणार? तारेला खर्च किती? काही सेंट. पण तिची किंमत मतांत मोजली गेली असावी. ओवेन्सने मग विरोधी उमेदवार आल्फ लँडन यांचा प्रचार केला. पैसे घेऊन केला, हेही सांगितले पाहिजे. लँडन दोनच राज्ये जिंकू शकले.

पोटाचा प्रश्न होता तिथेच राहिला. घरी बायको रूथ आणि लहान मुलगी. डिसेंबर १९३६ मध्ये क्युबात हवाना इथे ओवेन्स घोड्याशी शर्यत पळला. घोड्याच्या पुढे चाळीस यार्डांची सूट घेऊन तो जिंकला. पुढे बेसबॉलच्या सामन्यांत, जत्रांत असे खेळ त्याने पुष्कळ केले: घोड्याशी, मोटारीशी, कुत्र्याशी. त्यातली खुबीही तो मोकळेपणाने सांगे. घोडा चांगल्या जातीचा, बुजरा निवडायचा. बंदूक त्याच्या कानाजवळ उडाली की तो बिचकतो आणि तेवढ्यात माणूस पुढे निघतो. ऑलिंपिकच्या विजेत्याला हे शोभते का, असे विचारणाऱ्यांना त्याचे उत्तर ठरलेले असे: चार सुवर्णपदके काही खाता येत नाहीत. कपडे धुण्याचा धंदा काढला, त्याचे दिवाळे निघाले. क्लीव्हलंडच्या नगरपालिकेत मुलांच्या क्रीडांगणावर नोकरी केली, मग डेट्रॉइटला फोर्डच्या मोटार कारखान्यात.

तो एकटाच असा होता असे नाही. दोनशे मीटरमध्ये त्याच्या मागे दुसरा आलेला मॅक रॉबिन्सन कॅलिफोर्नियात पॅसाडेनाला परतला. गावाने त्याला काम दिले ते रात्रपाळीला रस्ते झाडण्याचे. थंडीत तो अंगात ऑलिंपिकचे जाकीट घालून झाडू मारी. त्यावर देशाचे नाव. पुढे न्यायालयाने गावचे पोहण्याचे तलाव काळ्यांना खुले करायला लावले, तेव्हा नगरपालिकेने रागाने कृष्णवर्णीय नोकरांना काढून टाकले, त्यांत मॅकही गेला. त्याचा धाकटा भाऊ जॅकी १९४७ मध्ये बड्या बेसबॉल संघात शिरला आणि सगळ्या अमेरिकेला ठाऊक झाला. मॅकला मात्र कित्येक वर्षे कोणी ओळखत नव्हते.

१९५० मध्ये वार्ताहरांनी अर्ध्या शतकातला सर्वांत मोठा मैदानी खेळाडू म्हणून ओवेन्सची निवड केली. तोवर तो शिकागोला स्थायिक झाला होता, व्याख्याने देत होता, बरा कमावीत होता. आणि १९५५ मध्ये अमेरिकन सरकारला त्याची आठवण झाली. रशियाशी शीतयुद्ध चालू. आशियातले नवे देश अमेरिकेला विचारीत होते, की तुमच्याकडे काळ्या माणसाला असे का वागवता? तेव्हा सरकारने ओवेन्सला सदिच्छादूत म्हणून भारत, मलाया, फिलिपाइन्स या देशांत पाठवले. तो इथे आला, मुलांना पळण्याचे धडे दिले, भाषणे केली, अमेरिकेत कष्टाळू माणसाला संधी मिळते असे सांगितले. आपल्या लोकांनी त्याला डोक्यावर घेतले.

त्याच साली, ऑगस्टमध्ये, शिकागोचा एमेट टिल हा चौदा वर्षांचा मुलगा मिसिसिपी राज्यात नातेवाइकांकडे गेला होता. गोऱ्या बाईशी आगाऊपणा केला म्हणून दोघा गोऱ्यांनी त्याला ठार मारून नदीत टाकले, आणि सप्टेंबरमध्ये गोऱ्या ज्यूरीने त्या दोघांना निर्दोष सोडले. त्याच सालच्या १ डिसेंबरला अलाबामात, म्हणजे ओवेन्सच्या जन्मराज्यात, माँटगोमेरी शहरी रोझा पार्क्स यांनी बसमधली जागा गोऱ्या उतारूसाठी सोडायला नकार दिला. त्या दौऱ्यात ओवेन्सला आपल्याकडे कोणी टिलविषयी विचारले का, आणि त्याने काय सांगितले? मला ते फार जाणून घ्यावेसे वाटते.

तो बंडखोर नव्हता. याबद्दल त्याला त्याच्याच लोकांकडून पुष्कळ ऐकून घ्यावे लागले. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस या धावपटूंनी पदके घेताना काळे हातमोजे घातलेल्या मुठी वर उगारल्या. तेव्हा क्रीडाधिकाऱ्यांनी तरुण कृष्णवर्णीय खेळाडूंना समजावायला पाठवले ते ओवेन्सला. पोरांनी त्याचे ऐकले नाही. तो संतापला, आणि १९७० मध्ये त्याने एक पुस्तक लिहून सांगितले, की आजच्या अमेरिकेत काळा माणूस मागे राहत असेल तर दोष त्याचाच. त्यावर पत्रांचा भडिमार झाला. त्याने ती पत्रे वाचली असावीत. कारण १९७२ मध्ये त्याने दुसरे पुस्तक लिहिले, ‘मी बदललो आहे’ अशा अर्थाच्या नावाचे, आणि पहिल्यातले बरेचसे मागे घेतले. लढाऊ बाणा हाच मार्ग होता, असे त्यात कबूल केले. अठ्ठावन्न-एकोणसाठ वर्षांच्या नामवंत माणसाने छापील पुस्तकात आपण चुकलो म्हणणे, हे मला त्याच्या लांब उडीइतकेच अवघड वाटते. बाईंनी चुकीचे लिहिलेले नाव न खोडणाऱ्या मुलाने स्वतःचे लिहिलेले खोडले.

राष्ट्राध्यक्षांच्या हातून सन्मान मिळायला १९७६ उजाडले. जेराल्ड फोर्ड यांनी त्याला स्वातंत्र्यपदक दिले. ३१ मार्च १९८० रोजी फुप्फुसाच्या कर्करोगाने ॲरिझोनात तुसॉन इथे तो गेला. १९८४ मध्ये बर्लिनने ऑलिंपिक क्रीडांगणाजवळच्या रस्त्याला त्याचे नाव दिले. अमेरिकन काँग्रेसचे सुवर्णपदक त्याच्या पश्चात १९९० मध्ये दिले गेले. ते रूथने घेतले.

राहिले ते बर्लिनला गेलेले बाकीचे सतरा. २९ सप्टेंबर २०१६ रोजी राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी ऑलिंपिक खेळाडूंच्या समारंभात त्या अठराही जणांची आठवण काढली. निमंत्रण गेले होते ते त्यांच्या मुलांना आणि नातवंडांना. ते व्हाइट हाउसमध्ये आले, पुढच्या दाराने.